यंत्रोबाची तपासणी

वृंदानं डोळे मिटून त्याच्या कोपरात बेअरिंग बसवलं, हात एकदा वाकवून पाहिला, आणि नेमका तेव्हाच सासऱ्यांचा आवाज आला.

"झोप लागली का?"

"नाही बाबा. माणूस बनवतेय. यंत्राचा."

भगवानराव दारातच थबकले. मग वृंदानं सांगून टाकलं. तुल्पा म्हणतात त्याला, मोबाइलवर वाचलं होतं तिनं. मनातल्या मनात एक सोबती घडवायचा, रोज थोडा थोडा, अगदी बारकाईनं. एक दिवस तो आपणहून बोलायला लागतो म्हणे. अंबरनाथच्या एमआयडीसीत दिवसभर मशीनची ड्रॉइंग काढणारी बाई दुसरं काय घडवणार? तिनं लोखंडाचाच घडवला. नाव ठेवलं यंत्रोबा. सुजित नोकरीसाठी मस्कतला गेल्यापासून घरात बोलायला कुणी नव्हतं. सासरे होते, पण सुनेशी कामापुरतंच बोलायचं, वाढलेलं ताट आधी जेवून आपल्या खोलीत जायचं, अशा जुन्या वळणाचे. त्या शांततेला वृंदा अगदी कावली होती.

भगवानराव हसतील असं तिला वाटलं. पण त्यांचा उभा जन्म कारखान्यात माल तपासण्यात गेलेला. त्यांनी चष्मा पुसला.

"कोपराला तेल कुठून घालणार?"

"अं?"

"भोक ठेवलंयस? नाही ना? मग रिजेक्ट!"

तेव्हापासून रोज संध्याकाळी तपासणी सुरू झाली. डोकं जड झालंय, तोल जाईल. गुडघ्याचा नट आतून कशाला, पाना कसा शिरणार तिथं? हवेतल्या माणसात इतक्या खोड्या निघतात हे वृंदाला नवीनच होतं. ती चिडायची, वाद घालायची, पोट धरून हसायची. बोलणं व्हायचं ते मात्र सगळं नटबोल्टांचं. आणि यंत्रोबा? ढिम्म. तोंडातून अक्षर नाही.

शेवटी एका रविवारी भगवानरावांनी त्याला पास केलं. रिकाम्या खुर्चीला झेंडूची माळ घातली, समोर नारळ फोडला. नवं मशीन सुरू करताना करतात तसंच सगळं.

"बोलला का?"

"नाही हो." वृंदाचा चेहरा पडला. "नाहीच बोलणार तो. माझंच खूळ."

भगवानराव बराच वेळ खोबरं चावत राहिले. मग खुर्चीकडेच बघत म्हणाले,

"माझ्याशी बोलला. मघाशी."

"काय म्हणाला?"

"विचारत होता, ही रोज रात्री ओट्यापाशी उभ्याउभ्याच का जेवते?"

हे कुणी पाहत असेल असं वृंदाच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिनंही सासऱ्यांकडे पाहिलं नाही, खुर्चीलाच म्हणाली,

"त्यांना सांग, एकटीसाठी ताट वाढून घ्यावंसं वाटत नाही."

भगवानराव उठून आत गेले. स्वयंपाकघरात डबे हलले, काहीतरी खाली पडून घरंगळत गेलं.

"वृंदा," आतून हाक आली, "ताटं कुठं ठेवतेस गं? इतकी वर्षं राहतोय, मला ठाऊकच नाही."