ताईची किडनी

अक्षया तिच्या नणंदेवर जळायची. हे ती कुणापाशी बोलायची नाही, कारण बोलली असती तर लोकांनी तिच्या तोंडात शेण घातलं असतं. ज्या बाईनं अक्षयाच्या नवऱ्याला स्वतःची किडनी काढून दिली, तिच्यावर जळायचं? पण जळायची खरी, आणि मनापासून जळायची.

लग्नाच्या वेळी निमिषच्या आणि तिच्या पत्रिकेत छत्तीसपैकी एकतीस गुण जुळले होते. निमिषच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा सगळ्यांआधी अक्षयानंच हात पुढे केला, तर मेला रक्तगटच जुळेना! जुळलं सगळं निमिषच्या थोरल्या बहिणीचं, अलकनंदाचं. ती देशाच्या दुसऱ्या टोकाला, शॅननला, एका कारखान्यात नोकरीला होती. रजा टाकून डब्लिनला आली, किडनी दिली, आणि तेव्हापासून डब्लिनजवळ ॲडम्सटाउनच्या त्यांच्या स्वयंपाकघरात रोज सकाळी निमिषचा फोन वाजू लागला.

"काय रे, माझं बाळ काय म्हणतंय?"

"ग्रँड आहे, ताई, तुझं बाळ!" निमिष तिथल्या लोकांच्या भाषेत सांगायचा. ग्रँड म्हणजे मजेत, आणि बाळ म्हणजे ती किडनी.

"पाणी पाज त्याला भरपूर."

की लगेच निमिष बाटली तोंडाला लावायचा. अक्षया पाण्याचा ग्लास घेऊन मागे मागे फिरली की "नंतर" म्हणणारा माणूस! तिनं अळणी स्वयंपाक केला, गोळ्यांच्या वेळा सांभाळल्या, लॉकडाऊनमध्ये घरात आलेली पिशवीन्‌पिशवी पुसून घेतली. नातेवाइकांत कौतुक मात्र ताईचंच. भाऊबीजेला व्हिडिओ कॉलवर ताईनं ओवाळलं तेव्हा निमिषचे डोळे भरून आले, आणि अक्षयानं कपाटात भांडी अशी आदळून लावली की ताईनं विचारलं, "काय पडलं गं?"

२०२१च्या फेब्रुवारीत निमिषला ताप चढला, खोकल्यातून रक्त पडलं. कोरोना नव्हता. फुप्फुसात बुरशी वाढत होती. तिचे कण हवेतून सगळ्यांच्याच छातीत जातात, पण धडधाकट माणसाच्या पांढऱ्या पेशी ते रुजायच्या आत गिळून टाकतात. निमिषच्या पेशींना मात्र गोळ्यांनी गुंगीत ठेवलं होतं, कारण त्या जाग्या झाल्या तर परक्या किडनीवर तुटून पडल्या असत्या.

हॉस्पिटलमधून डॉक्टरबाईंचा फोन आला. "बुरशीवरचं औषध चालू आहे, पण नुसत्या औषधानं ती हटत नाही. किडनी सांभाळणाऱ्या गोळ्या कमी केल्या तर त्यांच्या पेशी लढतील. किडनी कदाचित जाईल, पण जीव वाचेल. मात्र ते नको म्हणतात."

अक्षयाला कळलं ते एवढंच: पाहुण्याला चावू नये म्हणून कुत्रा बांधून ठेवला होता, आणि आता चोर घरात शिरला तरी तो बांधलेलाच. त्याच क्षणी तिच्या मनात आलं, जाऊ दे की ती पाहुणी एकदाची! डायलिसिसला मी नेईन, मी आणीन. नवरा निदान माझा तरी होईल. आलेल्या विचाराची तिला लाज वाटली, पण तो काही जाईना.

भेटायला बंदी होती. तिनं व्हिडिओ कॉल लावला. निमिषच्या नाकात ऑक्सिजनची नळी होती.

"डॉक्टरांचं ऐक ना. माझ्यासाठी ऐक."

"ताईची किडनी आहे ती. ती घालवून मी तिला तोंड कसं दाखवू?"

"आणि मला?"

तो खोकत राहिला. तिचं रडून झालं, भांडून झालं, शपथा घालून झाल्या. शेवटी नाक मुठीत धरून तिनं शॅननला फोन केला.

"ताई, तो माझं ऐकत नाही. तुमचं ऐकेल. किडनी गेली तरी चालेल, असं सांगता का त्याला?"

डॉक्टर काय म्हणाल्या ते ताईनं आधी सगळं विचारून घेतलं. मग म्हणाली, "त्यालाही कॉलवर घे. आणि तू जाऊ नकोस."

निमिष दिसताच तिनं बोलायला सुरुवात केली. "निम्या, ती किडनी मी तुला दिलीच नव्हती. तेव्हा मी जाम घाबरले होते. नाही म्हणायचं ठरवूनच आले होते. तर ही पोरगी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडत होती, स्वतःची चालत नाही म्हणून. तिच्याकडे बघून मी हो म्हटलं. दिली ती अक्षयाला दिली. ठेवायची की घालवायची, तिला विचार. मला विचारू नकोस."

निमिषनं अक्षयाकडे पाहिलं. "काय करू, सांग."

तिला हवं होतं ते सगळं आता मिळालं होतं, पण दीड वर्ष जिचा दुस्वास केला ती किडनी एकाएकी तिला आपली वाटू लागली.

"गोळ्या कमी करू दे त्यांना," ती कशीबशी म्हणाली. निमिषनं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी फोन वाजला. या वेळी अक्षयाचा.

"काय गं," पलीकडून ताईनं विचारलं, "तुझं बाळ काय म्हणतंय?"

अक्षयाला ग्रँड म्हणता येईना.

"आहे, ताई," ती म्हणाली. "अजून आहे."