मोठ्या शास्त्राची शिवण

१९६८ सालच्या जूनमधल्या एका रविवारी, उपासना संपल्यावर, पाळकसाहेबांनी देवळातलं मोठं शास्त्र, म्हणजे जुनं बायबल, कण्यावर उभं धरलं आणि दोन्ही हात सोडले. पुस्तक क्षणभर डगमगलं आणि उघडून आडवं पडलं. डोळे मिटूनच त्यांनी पानावर बोट टेकवलं, मग चष्मा लावून वाचलं. वचनाचा अर्थ एवढाच होता, की आहात तिथेच राहा, परमुलखात जाऊ नका.

समोर उभ्या असलेल्या मुलीला परमुलखातल्या एका दवाखान्याने काम शिकायला बोलावलं होतं. तिच्या आईने रुमालाने डोळे टिपले.

“संपला विषय,” आई म्हणाली. “प्रभूनं सांगितलं. आता त्या दवाखान्याला नकार कळवून टाक.”

मुलीची मावशी शेजारीच उभी होती. गावातल्या शाळांची पुस्तकं आणि कचेऱ्यांच्या वह्या तीच बांधायची, म्हणून तिला सगळे डिंकमावशी म्हणत. तिची नजर पानावर खिळली होती. डाव्या कोपऱ्यात मेणबत्तीचा एक थेंब सांडून पिवळा पडला होता. तो थेंब तिने याआधी एकदा पाहिला होता, १९३७ साली, याच जागी उभं राहून.

कुणी गाव सोडून निघालं, की आधी पान उघडायचं, ही त्या ख्रिस्ती मंडळीची जुनी रीत. एरवी मोठ्या शास्त्राला कुणी हात लावत नसे. पान उघडलं की बहुतेक वेळा ‘राहा’ असंच वचन येई, आणि मंडळीला त्याचा केवढा अभिमान! शेजारच्या गावांतली देवळं ओस पडली, आपलं बघा कसं भरलेलं, असं म्हातारे सांगत. १९३७ साली डिंकमावशी बावीस वर्षांची होती. छापखान्याचा फोरमन दूरच्या शहरात नोकरीवर निघाला होता आणि त्याने तिला लग्नाचं विचारलं होतं. पान उघडलं. वचन आलं. फोरमन एकटाच गेला. त्यानंतर एकतीस वर्षं तिने ब्र काढला नाही. देवाचा शब्द होता, त्यावर काय बोलायचं?

आता तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“शिवण ढिली झालीय ह्याची,” ती पाळकसाहेबांना म्हणाली. “घेऊन जाते. दुरुस्त करून देईन.” आणि उत्तराची वाट न पाहता तिने ते धूड उचलून काखेत मारलं.

सोमवारी सकाळी पाळकसाहेब दुकानाशी आले, तर मावशी बाह्या सरसावून उभीच होती.

“या, बसा. आणि बघा.” तिने शास्त्र कण्यावर उभं केलं, हात सोडले. पुस्तक उघडलं. मेणाचा थेंब. मिटलं, पुन्हा उभं केलं. मेणाचा थेंब. सात वेळा तिने तेच केलं.

“आठव्यांदा तुम्ही करा. तुमचा हात पवित्र आहे.”

पाळकसाहेबांनी केलं. मेणाचा थेंब.

“कणा मोडलाय तिथे,” मावशी म्हणाली. “कुणा मेल्या बांधणाऱ्यानं कामचुकारपणा केला, आणि तुम्ही तिघा पाळकांनी एकामागून एक त्याला देवाची वाणी करून टाकलंत! किती पोरं बसवून ठेवलीत, मोजलीत कधी?”

“बाई, शांत व्हा. देव कशातूनही बोलतो. शास्त्रातच आहे, एकदा तर तो गाढवाच्या तोंडून बोलला होता.”

“त्या गाढवाला वाटेत उभा राहिलेला देवदूत दिसत तरी होता. तुम्हांला काय दिसत होतं, साहेब?”

पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी टोपी हातात फिरवली.

“मला मंडळी फुटायची भीती वाटते,” ते हळूच म्हणाले, आणि निघून गेले.

मावशीचा राग त्याने निवला नाही. तिने पातळ पात्याची सुरी घेतली आणि कण्यावरचं कातडं सोलून काढलं. ज्याने हे केलं तो मेलेला असला तरी त्याला दोन शब्द सुनवायचे असं तिने ठरवलं होतं. आत जुना सरस दगडासारखा वाळला होता. ओल्या फडक्याने तो मऊ करत करत ती मोडलेल्या जागेपर्यंत पोचली. दोन जुजांच्या, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांच्या दोन गठ्ठ्यांच्या, मध्येच दोरा संपला होता. नवा जोडताना कुणीतरी जाडजूड गाठ मारली होती आणि ती दिसू नये म्हणून वर सरस थापला होता.

गाठ उलटी होती. डावखुऱ्या हाताची.

मावशीने आपला डावा हात फडक्याला पुसला. वडिलांच्या दुकानात डावखुरी एकटी तीच होती. सोळा वर्षांची असताना देवळातून एक मोठं काम आलं होतं खरं. वडिलांनी तिला शिवायला बसवलं होतं, आणि बाहेर मैत्रिणी थांबल्या होत्या.

ती स्टुलावर बसली. सुरी हातातच राहिली.

भाची दुपारी डबा घेऊन आली, तेव्हाही ती तशीच होती.

“मावशी, बरं वाटत नाही का?”

मावशीने बोटाने गाठ दाखवली आणि सगळं सांगितलं. फोरमनचंही सांगितलं, जे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. शेवटी म्हणाली, “तू जा. शुक्रवारपर्यंत कळवायचंय ना? आजच पत्र टाक. तुझ्या आईशी मी बोलते. हे वचन नव्हतं गं, माझी घाई होती ती.”

भाचीने डबा टेबलावर ठेवला.

“पत्र मी शनिवारीच टाकलं. येते म्हणून.”

“शनिवारी? मग रविवारी तिथं कशाला उभी राहिलीस?”

“आईसाठी. ती म्हणाली, निदान पान तरी उघडू दे. म्हटलं, उघडू दे.”

“आणि ‘जाऊ नका’ आलं तेव्हा घाबरली नाहीस?”

“घाबरले की. रात्रभर झोपले नाही.” भाची टेबलाला टेकली. “पण मावशी, दोन वर्षं मी रोज सकाळी देवाकडे एकच मागतेय. माझे हात कुठे लागतील ते दाखव. आणि रोज आपल्या दवाखान्यात, माझ्या ड्रेसिंगच्या खोलीत कुणीतरी एका पायावर उड्या मारत येतं. परवा एक बाई लेकराला कडेवर घेऊन तशी आली. अशांसाठी नकली पाय बनवायला शिकवणारी जागा स्वतःहून मला बोलावतेय. त्यानं याहून मोठ्यानं काय बोलायचं?”

मावशीने डोळ्यांसमोरचं शास्त्र बाजूला सारलं.

“डबा उघड,” ती म्हणाली. “भूक लागली.”

भाची पुढच्या महिन्यात गेली. तीन वर्षांनी तिथेच तिला नोकरी लागली आणि पुढे तिने स्वतःची कार्यशाळा काढली. तिची आई तोवर तिच्याशी बोलली नाही. मग पहिला पगार झाल्यावर पोरीचा फोटो घेऊन घरोघर हिंडली. पाळकसाहेब आणखी सहा वर्षं होते. कुणी विचारायला आलं की ते म्हणत, घरी जा, वाचा, प्रार्थना करा, आणि मग मला येऊन सांगा. त्या सहा वर्षांत अकरा घरांतली मुलं बाहेर पडली. देऊळ अर्धं रिकामं झालं. मुलांची पत्रं मात्र दर रविवारी उपासनेनंतर मोठ्याने वाचली जात. फोरमन परमुलखातच वारला, हे मावशीला फार उशिरा कळलं. ती दोन दिवस दुकान बंद ठेवून घरात बसली, तिसऱ्या दिवशी उघडलं.

साठाव्या वर्षी मावशीने दुकान विकलं आणि ती भाचीकडे गेली. कृत्रिम पायांचे चामड्याचे पट्टे ती पंधरा वर्षं शिवत होती. नवा पाय लावून कुणी पहिल्यांदा रस्त्यावर निघालं, की हातातलं काम टाकून ती दारात येई. माणूस चार पावलं चालून हटकून मागे वळायचा, हसायचा, हात हलवायचा. आणि डिंकमावशी तिथूनच खेकसायची, “माझ्याकडे काय बघतोस? पुढे बघून चाल!”