वर्सोव्यातली धातुपरीक्षा

वर्सोव्याच्या कोळीवाड्यात, बोंबील वाळवतात त्या मोकळ्या जागेत, रविवारी सकाळी दोनेकशे माणसं जमली होती. मधल्या खांबाला धर्मा बांधलेला. चोवीस वर्षांचा खलाशी, कमरेला नुसता रुमाल, पाठीवर दोराचे लालभडक वळ. मारणारा दुसरातिसरा कुणी नव्हता, त्याच्याच होडीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या, महादू होता. बाजूला शेगडीत लोखंडी सळई तापत होती आणि शेगडीमागे चौरंगावर चंद्रप्रकाश महाराज पोट सांभाळत बसले होते.

मी अंबादास. अंधेरीच्या एका दवाखान्यात लोकांची लघवी तपासतो. हसा खुशाल, बारा वर्षं लोक हसतायत. पण त्या दिवशी तिथे शहाणा असा मी एकटाच होतो, आणि तोही याच कामामुळे.

झालं होतं असं. १९६८ सालचा तो हंगाम वाईट गेला, जाळी रिकामी येत होती. अशात हे महाराज उपटले. म्हणाले, होडीवरचा कुणीतरी हातानं धातू, म्हणजे वीर्य, वाया घालवतोय, म्हणून दर्या रुसलाय. शंभर थेंब रक्त आटतं तेव्हा धातूचा एक थेंब होतो म्हणे. हे थेंब मोजायला कोण बसलं होतं, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. मग परीक्षा सुरू झाली. खलाशानं बाटलीत लघवी आणायची, महाराजांनी मंत्र पुटपुटत त्यात अर्धा पेला तीर्थ ओतायचं. पाण्यासारखं स्वच्छ तीर्थ, पण पडताक्षणी बाटली दुधासारखी पांढरी. बघणाऱ्यांची बोबडी वळायची. पांढरं झालं की गुन्हा शाबित, आणि उपाय एकच, जांघेत तापल्या सळईचा डाग.

पहिला डाग धाकू नावाच्या खलाशाला बसला. त्या रविवारच्या दोन दिवस आधी त्याला आमच्या दवाखान्यात उचलून आणला तेव्हा जखमेत पू झाला होता आणि ताप एकशेचार. त्याच्याकडूनच मला ही सगळी हकीकत कळली. माझं डोकं फिरलं. मी त्याची लघवी तपासली, काही दोष नव्हता. मग माझी तपासली. मग दोन्हींत एक गोष्ट घालून बघितली, आणि तीच गोष्ट बाटलीत भरून कोळीवाड्यात आलो.

धर्माची आई सखुबाई गर्दीच्या कडेला ओरडत होती, दोन बायकांनी तिला धरून ठेवलं होतं. मी तिला बाजूला घेतलं, रिकामी बाटली दिली आणि कानात काय हवं ते सांगितलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं की आता थोबाडीत देते. मग बाटली घेऊन घरात गेली. पदराखालून आणलेली बाटली तिनं माझ्या हातात दिली.

मी शेगडीपाशी जाऊन म्हटलं, महाराज, होडीवरच्या आणखी एकाचा संशय आहे, डागायचंच तर दोघांना एकदम डागा. महाराज खूश. मी दिलेल्या बाटलीत तीर्थ ओतलं, ती पांढरीफटक झाली. त्यांनी ती उंच धरली.

"हा तर धर्माच्या वरताण निघाला! दिवसातून दोन वेळा हस्तदोष! ह्याचं पौरुष संपलं, बच्चा. ह्याला दोन डाग."

"माजी हाय ती बाटली," सखुबाई म्हणाली. "पन्नास वर्सांची रांड हाय मी. दे डाग."

महाराज मायेबियेचं काहीतरी बडबडायला लागले. मी माझ्याकडची बाटली काढली आणि धर्माची उरलेली लघवी मागून घेतली. मंत्र म्हटला नाही, उलट चारदोन शिव्याच घातल्या, आणि ओतलं. तीही पांढरी झाली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. हे तीर्थ म्हणजे चुन्याची निवळी, तुम्ही पानाला लावता तोच चुना पाण्यात कालवून वरचं पाणी काढलेलं. माणसाच्या लघवीत क्षार असतात, बाईच्या असतात, बुवाच्याही असतात. चुना लागला की ते पांढरे होऊन बसतात, त्यात धातूचा थेंब नसतो. मग दोन्ही बाटल्यांत मी सोबत आणलेला सिरका, म्हणजे व्हिनेगर, चमचा चमचा टाकला. पांढरं नाहीसं झालं, पुन्हा पिवळं पाणी.

त्यानंतर महाराजांवर लोक जे तुटून पडले ते मी सांगत नाही. महादूनं तर सळईच उचलली. मी त्याच्या मनगटाला लटकलो, माझा हात पोळला, पण सळई खाली पडली. पोलीस येईपर्यंत महाराजांचा एक दात आणि सगळा आब गेला होता.

मी महादूला गदागदा हलवून विचारलं, पोराला एवढं का मारलंस रे?

तो वाळूत बसला. मग खाली बघत म्हणाला, "माजी बाटली बी पांढरी झालेली. परवा. त्या बुवानं मला एकट्याला दाखवली. बोलला, कुनाला सांगत न्हाय, तू दुसरा शोदून दे."

तोपर्यंत धर्माचे दोर सोडले होते. तो आला आणि त्यानं महादूच्या तोंडावर एकच गुद्दा हाणला, असा की ओठ फाटला. महादूनं हात वर केला नाही. मीही मध्ये पडलो नाही.

मग धर्मानं रडवेल्या तोंडानं मला विचारलं, मी करतो ते खरंच पाप न्हाय? बाकीचे खलाशी वाळूकडे बघत होते, पण कान सगळ्यांचे इकडेच. म्हणून जे तेव्हा बोललो तेच इथे लिहितो. शरीर धातू रोज नव्यानं बनवतं, साठवून कुणी पैलवान होत नाही आणि गेलं म्हणून कुणी खंगत नाही. एकांतात स्वतःच्या हातानं सुख घेतलं तर डोळे जात नाहीत, लग्न मोडत नाही, पोरं व्हायची राहत नाहीत. नाही केलं तरी काही बिघडत नाही. हात धुतलेले असू द्या, धसमुसळेपणा नको, कातडं सोलवटलं तर बरं होईपर्यंत थांबा. दुखलं, रक्त दिसलं, किंवा त्यापायी कामधंदा सुटायला लागला तर डॉक्टरकडे या, तो तुम्हाला हसणार नाही. मासळी का येत नाही ते मला ठाऊक नाही, पण ते धर्माच्या रुमालात शोधू नका.

धाकू अजून लंगडत चालतो. त्याला कुठला रोग नव्हता, त्याला फक्त लाज होती, आणि त्या लाजेवरच तो भामटा जगत होता.