पडद्यावर बाबांचं नाव

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. पाळणाघराच्या खिडकीशी, एका स्टुलावर माझं आयुष्य गेलं. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या छातीवरचा इवलासा पडदा म्हणजे मोठं नवल होतं. फोन कुणाचा ते त्यावर उमटायचं आणि बघणारे म्हणायचे, "काय हुशार फोन आहे!" मीही तेव्हा फुशारून जायचो. आता मात्र वाजून वाजून जीव मेटाकुटीला आलाय.

पाळणाघराच्या मावशींचा माझ्यावर भारी विश्वास. सगळ्या पालकांचे नंबर त्यांनी नावांसकट माझ्यात भरून ठेवले होते. पडद्यावर नाव दिसलं की त्या निर्धास्त व्हायच्या.

एका दुपारी मी वाजलो. पडद्यावर आलं, 'टिल्लीचे बाबा'. आवाज घोगरा होता.

"मावशी, घसा बसलाय माझा. कामात अडकलोय. टिल्लीचा मामा येतोय, त्याच्याबरोबर पाठवा तिला."

"बरं बरं," म्हणत मावशी टिल्लीला बूट घालू लागल्या.

मला तो आवाज परका वाटला, पण मी सांगणार कसा? आणि पडद्याचं म्हणाल, तर पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव कुणीही काहीही लिहावं, तसा लबाड माणूस दुसऱ्याचाच नंबर पुढे करू शकतो. मी बापडा आलेला नंबर वाचतो आणि त्यापुढचं नाव दाखवतो. खरंखोटं मला कळत नाही.

फाटकाशी एक माणूस येऊन उभा राहिला. टिल्लीचं दप्तर भरताना मावशींना तिच्या खोकल्याच्या औषधाची आठवण झाली. बाटली सोबत द्यायची की उद्यासाठी इथेच ठेवायची? विचारावं म्हणून त्यांनी बाबांचा नंबर लावला. त्यांनी स्वतः लावलेला फोन मात्र खऱ्या बाबांकडेच गेला.

"मी कुठे फोन केला होता, मावशी? तिचा मामा तर परगावी असतो! सोडू नका तिला!"

मावशींनी टिल्लीला कडेवर उचललं आणि दाराला आतून कडी घातली. तोवर फाटकावरचा माणूस पसार झाला होता. पोलीस अजून त्याला शोधत आहेत.

बाबा धापा टाकत आले. त्यांनी लेकीला उराशी धरलं. मावशी रडत म्हणाल्या, "अहो, तुमचंच नाव होतं हो पडद्यावर!" मित्रांनो, ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मावशींनी माझ्या पडद्यावर चिकटपट्टी लावून टाकली. वाईट वाटलं नाही. खरं तर जरा सुटल्यासारखंच वाटलं. तुम्हीही नाव दिसलं म्हणून माणूस तोच, असं धरून चालू नका. फोन ठेवा आणि ठाऊक असलेल्या नंबरावर स्वतः लावा. या म्हाताऱ्याला दोनदा राबवलंत तरी चालेल.

काल टिल्लीच्या बाबांना खरोखरच उशीर होणार होता. त्यांनी फोन केला. मावशी म्हणाल्या, "ठेवा, मी करते." मग त्यांनी नंबर लावला. पहिली रिंग पुरती वाजायच्या आत पलीकडून आवाज आला, "बोला मावशी, मीच आहे."