घड्याळजींची भिंत

बेबीची तिशी केव्हाच उलटली होती, तरी कारखान्यात तिला सगळे बेबीच म्हणायचे. कारखाना तिच्या बाबांचा. स्वयंपाकघराचे ओटे, खिडक्यांच्या पट्ट्या, दगडाचं जे जे काही घरात बसतं ते सगळं तिथे कापलं जायचं. पूर्वी बाबा गिऱ्हाइकाच्या घरी प्लायच्या पट्ट्या ठोकून ओट्याचा फर्मा बनवायचे आणि तो डोक्यावर धरून जिने उतरायचे. गेल्या वर्षी बेबीने लेझरने माप घेणारं यंत्र आणलं आणि त्याच्या जोडीला लांबलचक प्लॉटर. यंत्राने घेतलेलं माप कॉम्प्युटरवर जायचं आणि प्लॉटर त्याचा फर्मा पारदर्शक प्लास्टिकवर पूर्ण आकारात काढून द्यायचा.

बाबा प्लॉटरला ‘जावईबापू’ म्हणायचे. “आले आणि सगळी खोली अडवून बसले. काम असो नसो, हलायचं नाव नाही,” अशी कुरकुर करायचे. पण कोणी गिऱ्हाईक आलं की पहिल्यांदा त्याला जावईबापूंच्या पुढ्यातच नेऊन उभं करायचे.

अशात एका निवृत्त घड्याळजींकडचं काम आलं. घर दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. ओट्याच्या जुन्या फरशांना तडे गेले होते आणि घड्याळजींच्या बायकोला, म्हणजे काकूंना, आता अखंड दगडाचा ओटा हवा होता. बाबांना बरोबर घेऊन बेबी माप घ्यायला गेली आणि तिने तिवईवर यंत्र उभं केलं. लाल ठिपका भिंतीवर टुणटुणत फिरू लागला.

“हे काय, इंजेक्शन देतेस का भिंतीला?” काकूंनी विचारलं.

“तपासणी चाललीय,” बेबी हसत म्हणाली आणि टॅबलेट त्यांच्यापुढे धरला. पडद्यावर ओट्याची आकृती उमटत होती. मागची रेघ मधोमध चांगलीच फुगलेली होती.

“अगंबाई, ही ढेरी कोणाची?”

“तुमच्या मागच्या भिंतीची. दीड बोट पुढे आलीय. बांधणाऱ्याने दोरी लावलेली दिसत नाही.”

काकूंनी एकदम ओठ मिटले. दारात उभे असलेले घड्याळजी काका चष्मा पुसू लागले. “ती भिंत मी बांधलीय,” ते म्हणाले.

बेबीचा चेहरा पडला. “काका, तसं नाही, सगळ्याच भिंती थोड्याफार...”

“सगळ्या भिंती घड्याळजीने बांधलेल्या नसतात,” असं म्हणून काका आतल्या खोलीत निघून गेले.

जिना उतरताना बाबा म्हणाले, “तुझं यंत्र खरं बोलतं, त्याबद्दल वाद नाही. पण तू जरा हळू बोलत जा.”

पुढच्या आठवड्यात फर्मा तयार झाला. दगडाला पातं लावण्याआधी फर्मा प्रत्यक्ष जागेवर पसरून बघायचा, हा बेबीचा नियम होता. दोघं पुन्हा काकांकडे गेली. काकू बहिणीकडे राहून त्याच सकाळी परतल्या होत्या. काकांनी भलत्याच उत्साहाने दार उघडलं आणि ओट्यावरची भांडी स्वतःच उचलून बाजूला ठेवली.

बेबीने प्लास्टिक ओट्यावर पसरलं. मध्ये ते छान टेकलं, पण दोन्ही टोकं भिंतीवर चढून बसली. तिने ते ओढलं, सरकवलं, पुन्हा पसरलं. टोकं पुन्हा वर. तिच्या कपाळावर घाम आला. प्लॉटरने आकार चुकवला असेल म्हणून तिने फर्म्यावरची एक रेघ फीतपट्टीने मोजली. रेघ बरोबर होती.

बाबांच्या जिभेवर जावईबापूंबद्दल काहीतरी खमंग आलं होतं, पण लेकीचा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं. ते पुढे वाकले आणि भिंतीला तळहात लावला. “बेबी, हात लाव जरा.”

भिंत गार होती. ओलसर. रंग नवा होता आणि त्याखालून ताज्या सिमेंटचा वास येत होता. तिघांच्या नजरा हळूहळू काकांकडे वळल्या. काकांच्या कानामागे राखाडी रंगाचा एक वाळलेला ठिपका होता.

“तरीच!” काकू कडाडल्या. “तरीच माझं मोठं पातेलं घासूनपुसून उन्हात ठेवलं होतं! मी म्हटलं, चार दिवस नव्हते तर नवऱ्याला माझी किंमत कळली. सिमेंट कालवलंत त्यात?”

“नवीन आणून देतो,” काका पुटपुटले.

“पण कशाला काका?” बेबीने विचारलं. “मी ओटा त्या भिंतीप्रमाणेच कापणार होते.”

काका स्टुलावर बसले. “लग्न झाल्यावर या मोठ्या खोलीतून स्वयंपाकघर वेगळं काढलं. ही विटा द्यायची, मी रचायचो. आयुष्यभर लोकांचे केसाएवढे स्क्रू बसवले, पण ते लोक आपली घड्याळं घेऊन गेले. माझ्या हातचं म्हणून घरात उरलं ते एवढंच. आणि तुझ्या त्या पाटीवर त्याची ढेरी निघाली. मग ढेरीच्या दोन्ही बाजूंनी गिलावा चढवून भिंत सपाट केली. म्हटलं, तुला कळायचंही नाही.”

“काका, माझं चुकलं,” ती म्हणाली. “कोणी बांधलीय ते विचारायला हवं होतं मी. आपण पुन्हा माप घेऊ. तुम्ही इथेच थांबा, माझ्याजवळ.”

यंत्र पुन्हा उभं राहिलं. काका पेपर तपासून मिळायची वाट बघणाऱ्या विद्यार्थ्यासारखे टॅबलेटवर डोळे लावून बसले. लाल ठिपका एकेक जागा घेत गेला. रेघ सरळ चालली, सरळच चालली, आणि खिडकीपाशी येऊन हळूच एका बाजूला वळली.

काकांनी चष्मा वर सरकवला.

“खरं सांग,” काका म्हणाले.

“ढेरी पार गेली काका,” बेबी म्हणाली. “फक्त खिडकीजवळ भिंत जरा मान वळवून बाहेर बघतेय.”

काकूंना इतकं हसू आलं की त्यांना ओट्याचा आधार घ्यावा लागला. काकांनी क्षणभर गंभीर राहायचा प्रयत्न केला आणि मग तेही खांदे हलवत हसू लागले. बाबांनी तेवढ्यात कोपऱ्यातली थापी उचलून आपल्या पिशवीत टाकली. “ओटा बसेपर्यंत ही माझ्याकडे जप्त,” ते म्हणाले.

दोन दिवसांनी काका-काकू कारखान्यात आले. जावईबापूंनी सरसर करत नवा फर्मा काढला. खिडकीजवळचं ते वळण प्लॉटरचं पेन न अडखळता काढून गेलं, तेव्हा काका खाली वाकून बघत होते. मग सगळ्यांनी मिळून फर्मा पांढऱ्या दगडाच्या लादीवर पसरला. प्लास्टिकमधून खालच्या दगडातली करडी शीर स्पष्ट दिसत होती. काकूंना ती खिडकीपाशी हवी होती, काकांना शेगडीपाशी.

“रोज ओट्यापाशी उभं कोण राहतं?” काकूंनी विचारलं.

फर्मा सरकला आणि शीर खिडकीपाशी आली.

ओटा बसवायच्या दिवशी कारखान्यातल्या चौघांनी दगड उभा धरून जिन्यातून वर आणला. प्रत्येक वळणावर “सावकाश, सावकाश” म्हणत काका मागोमाग चढले. दगड जागेवर टेकवला, बाबांनी तळहाताने हलकेच मागे रेटला, आणि तो भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन चिकटला. खिडकीपाशीसुद्धा. काकांनी एक कागद घेऊन फट शोधली. कागद कुठेच शिरेना. त्यांनी सबंध कडेवरून बोट फिरवलं आणि बेबीच्या पाठीवर थाप मारली.

काकूंनी नव्या ओट्यावर दोन्ही कोपरं टेकून बघितली, गाल टेकून बघितला, आणि मग सगळ्यांना चहा ठेवला. कप हातात घेऊन काका आता तज्ज्ञासारखे बोलू लागले होते.

“बेबी, तुमचा कारखाना कोणी बांधला गं?”

“बाबांनी. स्वतःच्या हाताने.”

“असं? मग ते यंत्र एकदा तिथे लावून बघितलंस का?”

“चहा घ्या हो, गार होतोय,” बाबा घाईघाईने म्हणाले.