तेलपाणी

"काका, हे लेथ चालतं का हो?"

धाकट्या शेठने बारा वर्षांत पहिल्यांदा वॉचमनला काही विचारलं. शर्ट पाठीला चिकटला होता. काचेच्या इमारतीचा कूलिंगचा पंप सकाळीच बंद पडला, त्यातला बुश, फिरत्या दांड्याभोवतीची स्टीलची नळी, फुटला, आणि वर फोन घेणारी सहाशे पोरं उकडून निघत होती. नवा बुश परदेशातून यायला तीन आठवडे. अख्ख्या शहरात तो कातून देणारं कुणी उरलं नव्हतं. उरलं होतं हे एक लेथ, रिसेप्शनमध्ये, दोरी लावून, दिव्याखाली, शोभेला.

याच जागेवर कारखाना होता. पंपांचाच! वॉचमन तेव्हा तिथला टर्नर, याच लेथवर कातकाम करणारा. कुलूप लावायच्या दिवशी धाकटा शेठ टेबलावर चढून म्हणाला होता, "हात काळे करायचे दिवस गेले." आणि उपकार केल्यासारखा टर्नरच्या अंगावर वॉचमनचा डगला चढवला होता.

"चालतं की," टर्नर म्हणाला. "गुपचूप तेल देतो मी त्याला. पण दात कुठेत?"

सगळे वाकले. कातायचा तुकडा पकडून फिरवणाऱ्या चकचे तिन्ही जबडे गायब. हजारो लोकांनी या लेथशेजारी फोटो काढले, ते बोळकं एकालाही दिसलं नव्हतं.

"माझ्या खाटेखाली आहेत," टर्नर म्हणाला. "कुलूप लागलं त्या दिवशीच काढून नेले. चोर म्हणा हवं तर."

त्याची मुलगी वरच फोन घ्यायची. ती धावत खाली आली. "बाबा, आता हट्ट नको हं. चारपर्यंत गार झालं नाही, तर गिऱ्हाईक कंपनीवाले आमचं काम दुसऱ्या देशात वळवणारेत."

"हट्ट कसला? आणतो जबडे. फक्त तेलपाणी शेठ धरतील."

कारखान्याची रीत होती. ज्याने काम बिघडवलं, त्याने दुसऱ्याच्या मशीनपाशी उभं राहून कातणीवर तेलपाण्याची धार धरायची, सगळ्यांदेखत. शेठला ती ठाऊक होती. तो लाल झाला, पण बाह्या दुमडल्या.

जबडे आल्यावर इमारतीच्या इंजिनिअरने हौसेने बसवले. लेथ सुरू होताच स्टीलचा तुकडा दारुड्यासारखा झुलू लागला.

"आकडे आहेत त्यांच्यावर, साहेब. एक, दोन, तीन. पहिलीत शिकवतात," टर्नर म्हणाला आणि ओळीने बसवले. तुकडा सरळ फिरू लागला.

धूर निघाला. तेलाचे शिंतोडे शेठच्या पांढऱ्या शर्टावर, गालावर, घड्याळावर उडाले.

"धार तुटू देऊ नका. तुमच्या वडिलांची तुटायची नाही."

तीन वाजेपर्यंत काम संपलं असतं. टर्नरने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, शेठच्या काळ्या झालेल्या हातांकडे पाहिलं, आणि एक बारीक कातणी जादा घेतली. मग आणखी एक. मग आणखी. बारा वर्षं सलाम ठोकले होते त्याने. तासभर काय जास्त?

पावणेचारला बुश गार होऊन मापात बसला. तेवढ्यात मुलगी उतरली. खांद्याला पर्स, हातात तिची पाण्याची बाटली.

"साडेतीनलाच वळवलं, बाबा. चारपर्यंतही थांबले नाहीत. एका बटणावर सगळं गेलं."

टर्नरने लेथ बंद केलं. शेठच्या हातातली धार मात्र चालूच होती, थांबलेल्या चकवर.

"बुश कधी झाला होता तयार?" मुलीने विचारलं.

टर्नरने बुश पुसून शेठच्या हातात ठेवला.

"आता काय करू मी ह्याचं?" शेठ पुटपुटला.

"दोरी लावा. दिव्याखाली ठेवा."

मग त्याने जबडे काढले. तीन, दोन, एक. अंगावरचा डगला उतरवला, त्या डगल्यानेच जबडे पुसले आणि पिशवीत टाकले. डगला तिथेच राहिला. पिशवी मुलीने उचलली. तिचा हात खाली ओढला गेला, पण तिने ती त्याला घेऊ दिली नाही.