जळकुकडा स्टेथोस्कोप

"मॅडम, तुम्ही रोज लोकांना भूल देता, मग स्वतः काय काय विसरता?"

आजीबरोबर दवाखान्यात आलेल्या दिपालीने मैत्रिणींशी लावलेल्या पैजेपायी हे विचारलं आणि डॉक्टर जहिरा इतक्या हसल्या, की त्यांच्या गळ्यात मी झोपाळ्यासारखा हललो.

"घरी डबा विसरते! पेशंटच्या गोळ्या विचारायला मात्र नाही."

मित्रांनो, मी त्यांचा जुना स्टेथोस्कोप. श्रीरामपूरच्या या दवाखान्यात माझा काय रुबाब होता! "नळी लावून बघा ना," असं पेशंट स्वतःहून म्हणायचे. मग हृदयाचं हलतं चित्र दाखवणारं ते इको मशीन आलं. पडदा काय, रंग काय! त्याला रोज मऊ फडकं, माझ्या तडकलेल्या नळीला चिकटपट्टी. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

दिपालीची आजी, रतनबाई, जुनी हृदयाची पेशंट. पित्ताशयातले खडे काढायचे होते. त्यांचं हृदय हे ऑपरेशन सोसेल, असं इकोवरून ठरलं होतं. झालं! सगळे त्याचंच गुणगान करत बसले. दिपालीसुद्धा!

ऑपरेशनच्या सकाळी मॅडमनी मला आजींच्या छातीवर टेकवलं. बाप रे, उधळलेलं घोडंच!

"आजी, हृदयाची गोळी घेतलीत?"

"न्हाई बाई. तुमीच म्हनला ना, उपाशी ऱ्हायचं? कालपासून निर्जळी धरलीय. गोळीला पानी लागतं, उपास मोडला असता."

"अहो, हा उपास देवाचा नाही, भुलीचा! ती गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायचीच होती. छाती अशी धडधडत असताना भूल दिली, तर जिवावर बेतेल."

दिपालीने लगेच पिशवीतून गोळी शोधून काढली. ऑपरेशन पुढे ढकललं, गोळी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी ठोके ताळ्यावर आले, तेव्हाच आजींना आत नेलं.

आत मॉनिटर मिरवत होता. मॅडमची नजर त्याच्यावरून हलेना. रक्तदाब जरा घसरला, की लगेच औषध. मी आपला गळ्यात लोंबकळत जळतोय!

पण आजी शुद्धीवर आल्यावर मॅडमनी मलाच दिपालीच्या कानात घातलं. आजींचे ठोके ऐकून ती रडता रडता हसायला लागली. इकोला ते दिसलं नाही, याचीच मला हळहळ.

मित्रांनो, मला पुसा नाहीतर पुसू नका. पण ऑपरेशनआधी कुठली गोळी चालू, कुठली बंद, हे मनानं ठरवू नका. डॉक्टरांना विचारा.

बाहेर येऊन दिपालीने जाहीर केलं, "आई, पप्पा, मी भूल देणारी डॉक्टर होणार!"

"आगं, हार्टची हो की," पप्पा म्हणाले. "नाव तरी निघंल."

"हार्टवाले तपासून गेले, पप्पा. ऑपरेशन संपेपर्यंत आजीच्या उशाशी मॅडमच होत्या. मी तिथंच बसणार. ठरलं!"